आजी खरंच खदानीत उतरली होती का?

बल्लारशाकर:
आजी-आजोबा लग्न झाल्या झाल्या, १९४४ च्या सुमारास, बिलासपूरकडून बल्लारपूरच्या खदानीवर आले. आजी सांगायची, "तुझा आजा कोळसा तोडे, मी टोपल्यानं टब (कोळशाची छोटी डबागाडी) भरी." पण बायकांना खाली उतरायला तेव्हा बंदी होती असं वाचलं. मग ती फेकत होती का? टोपलं डोक्यावर वाहून म्हणे तिच्या टाळूवर केस नव्हते, ती टाळू तेवढी मी स्वतः पाहिलीय. आणि आमचं मूळ गाव कोणतं, तेही घरात कुणाला ठाऊक नाही.

रिटायर सरदार:
आजी खरंच सांगत होती जी. १९३७ मध्ये पूर्ण बंदी झाली, पण लढाईत कोळसा कमी पडला तशी १९४३ मध्ये सरकारनंच ती उठवली. १९४६ मध्ये परत लावली. तुमच्या आजीची दोनेक वर्षं त्यात बरोबर बसतात.

माझी मायही छत्तीसगढची, तीही उतरलेली. मजुरी टबावर मिळे, म्हणून जोडप्यानं काम. नवरा तोडणार, बायको भरणार. टबात दगड निघाला की मुन्शी तो टब मोजणीत धरतच नसे, दिवसभराची मेहनत पाण्यात. थोरल्या भावाला माय लाइनीतल्या (मजुरांच्या चाळीतल्या) म्हातारीकडे ठेवून जाई, तेही अफूचं बोट चाटवून. हे सांगताना माय नेहमी आवाज खाली करायची. सकाळी बासी (रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात) खाऊन दोघं निघत. बंदी परत आली तेव्हा बाप खुश होता म्हणे, माय नाही. घरात येणारा पैसा घटला, तिला वर कोळसा वेचायला लावलं, त्याची मजुरी कमी.

गोदाकाठ:
आम्ही करीमनगरकडचे. आमच्या आजीचीही टाळू तशीच होती, आम्हाला वाटे म्हातारपणानं.

रिटायर सरदार:
गावाचं म्हणाल तर, आजोबा १९५५ नंतर कामावर होते ना? मग खदानीच्या बी फॉर्म रजिस्टरात, म्हणजे कामगारांच्या नोंदवहीत, बापाचं नाव, गाव, ठाणं, जिल्हा लिहिलेला असतो. खदान बंद असली तर कोळसा कंपनीच्या एरिया ऑफिसात विचारा, सीएमपीएफ (कोळसा कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड) नंबर सोबत न्या. कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं गाव लिहिलेलं असतं, तेव्हा डोळ्यांनी नको, मोठ्यानं वाचा.

बल्लारशाकर:
१९७३ नंतर रिटायर झाले, म्हणजे असायला हवं. आज पेटीत सीएमपीएफचा एक कागद मिळाला. गावाचं नाव घडीवर फाटलंय, पुढे "तह. जांजगीर" तेवढं दिसतंय. सोमवारी ऑफिसात जातो.