मदत हवी आहे: काजूच्या साइटची वापर-चाचणी कमी खर्चात कशी घ्यावी?

डिचोलीकर:
बचत गटासाठी काजूगर, सोलं आणि फणसाची साठं विकणारी साइट तयार आहे. गिऱ्हाईक मोबाइलवरून टोपलीपर्यंत येतं, पत्त्याच्या फॉर्मवर अडतं आणि निघून जातं. का, ते आकड्यांवरून कळत नाही. गटातल्या बायकांना साइट सोपी वाटते. चवथीआधी दुरुस्ती हवी. चाचणीला किती माणसं बसवावीत आणि त्यांना विचारायचं काय?

फोंड्याहून:
गटातल्या बायका नकोत, त्यांना सगळं पाठ आहे. कधीच साइट न पाहिलेली पाच माणसं घ्या. वापर-चाचणीचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेल्या हिशेबात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, पाच जण मिळून सुमारे ८५ टक्के. म्हणून पंधरा जण एकदम बसवू नका. पाच जण, मग दुरुस्ती, मग नवे पाच.

'साइट कशी वाटली?' हे विचारूच नका. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस 'बरी आसा' म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी काम कागदावर लिहून द्या: 'पुण्याच्या बहिणीला अर्धा किलो काजूगर पाठवा, पैसे माल पोचल्यावर द्यायचे.' बटणावर 'टोपलीत टाका' असेल तर कागदावर 'टोपली' हा शब्द येऊ देऊ नका, नाहीतर तो फक्त शब्द जुळवत बसेल. फोन त्याचाच असू द्या. मनात येईल ते बोलत राहायला सांगा, परवानगी घेऊन स्क्रीन रेकॉर्ड करा. अडला की मनात दहा मोजा आणि गप्प राहा. हेच सगळ्यात कठीण! 'इथं काय करू?' असं विचारलं तर 'आम्ही नसतो तर काय केलं असतं?' एवढंच म्हणा. अर्धा तास पुरतो.

सत्तरीकर:
फॉर्ममध्ये दोन जागा आधी तपासा. एक, घर क्रमांकाच्या रकान्यात फक्त आकडे चालतात का? आपल्याकडे '११२/अ' असे क्रमांक असतात, पुढे वाडा. दोन, पिनकोड. मराठी कळफलकावरून देवनागरीत '४०३' टाइप झालं तर इंग्रजी आकडेच ओळखणारा फॉर्म ते नाकारतो. आणि 'चूक आहे' हा निरोप पानाच्या माथ्यावर उमटला तर खाली रकान्यात बोट असलेल्याला तो दिसतच नाही. बटण दाबलं, काही झालं नाही, एवढंच त्याला कळतं. देवनागरी आकडे सर्व्हरवर बदलून घ्या, चूक त्याच रकान्याखाली दाखवा.

डिचोलीकर:
पाचांत एकच जण अडला तर?

फोंड्याहून:
ऑर्डरच थांबली असेल तर एकही पुरे, लगेच दुरुस्त करा. तिघांना रंग आवडला नाही पण ऑर्डर पूर्ण झाली, तर ते मागे ठेवा. आणि पाचांपैकी दोघे म्हणजे '४० टक्के गिऱ्हाइकं' असं गटाला सांगू नका. इतक्या थोड्या माणसांवरून चूक कुठं आहे ते कळतं, किती जणांना नडते ते नाही.