विषय: क्रँकबेटसाठी रॉड कुठला घ्यावा? (फिशिंगवाल्यांसाठी, बाकीच्यांनी खुशाल डिलीट करा)

प्रेषक: फ्रिस्कोकर

नमस्कार मंडळी,
दिवाळी फराळाच्या ऑर्डरींच्या मधेच हा मेल टाकतोय त्याबद्दल सॉरी, पण आपल्या लिस्टवर तीन-चार जण तरी बासच्या (गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या) मागे लागलेले आहेत हे गणपतीच्या जेवणाच्या लाइनीत कळलं म्हणून विचारतो. माझ्याकडे एकच बेटकास्टर (वरच्या बाजूला रील बसवायचा रॉड) आहे, ६ फूट १० इंच, मीडियम हेवी, एक्स्ट्रा फास्ट, दुकानातल्या पोराने "हा सगळ्याला चालतो" म्हणून गळ्यात मारला. प्लॅस्टिकच्या वर्मला (गांडुळाला) मस्त चालतो पण. स्क्वेअरबिल (उथळ पाण्यातलं चौकोनी चोचीचं क्रँकबेट, म्हणजे ओढलं की डुबकी मारत पोहणारा नकली मासा) लावला की मात्र मासा लागतो, दोन उड्या मारतो आणि सुटतो, दर वेळी हेच. लाइन तुटत नाही, गाठ सुटत नाही, हुक बदलून बघितले. यूट्यूबवर एक जण सांगतो ग्लासचा (फायबरग्लासचा) रॉड घे, दुसरा सांगतो ग्लास आता म्युझियममध्ये ठेवा. बोट नाही माझ्याकडे, काठावरूनच, जास्त करून लुईसव्हिल आणि ग्रेपवाइन हे इथले तलाव. बजेट शंभर-सव्वाशे डॉलर, त्याच्या वर गेलो तर घरी चौकशी आयोग बसतो. काका, सांगा काहीतरी.

प्रेषक: प्लेनोचे काका

अरे रॉड वाईट नाही तुझा, पण या कामाचा नाही.

वर्मचा हुक एकेरी आणि जाड असतो, तो आधी प्लॅस्टिकमधून आणि मग जबड्यातून आरपार घालायचा म्हणजे जोरात झटका हवा, म्हणून तिथे ताठ रॉड. क्रँकबेटला दोन ट्रेबल (तीन काट्यांचे) हुक असतात, बारीक तारेचे, त्यांना झटका लागतच नाही. बास काय करतो तर मागून येऊन तोंड उघडतो आणि पाणी आत ओढतो, त्या पाण्याबरोबर बेट (आमिष) आत जातं. तुझं टोक ताठ असलं की रील जेवढ्या वेगाने ओढतंय तेवढ्याच वेगाने बेट पुढे निघून जातं, तोंडात पूर्ण जातच नाही, कडेच्या कातड्याला एखादा काटा अडकतो फक्त. वर तू वर्मच्या सवयीने हाणतोस झटका, भोक मोठं होतं, मग मासा उडी मारून डोकं झाडतो आणि बेटच्याच वजनाने हुक निघून येतो. मऊ रॉड त्या क्षणी वाकतो, थोडी ढील मिळते, बेट आत जातं, आणि नंतर मासा उड्या मारायला लागला तरी वाकलेला रॉड लाइन सैल पडू देत नाही.

आता लोक इथे दोन गोष्टींची खिचडी करतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला जोर किती लागतो, मीडियम, मीडियम हेवी वगैरे. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट वरच्या भागातच वाकतो, मॉडरेट साधारण मध्यापर्यंत, स्लो पार मुठीपर्यंत. तुला पॉवर थोडी उतरवायची आहे पण मुख्य म्हणजे ॲक्शन बदलायची आहे, एक्स्ट्रा फास्टवरून मॉडरेटवर. मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाच, दुकानातल्या पाटीवर जाऊ नकोस.

ग्लासचं म्हणशील तर, ग्राफाइट रॉड बाजारात आले सत्तरच्या दशकात, त्याच्या आधी सगळे फायबरग्लासच वापरत होते. ग्राफाइट हलका, तळाला दगड आहे का लाकूड हे हाताला कळतं, म्हणून सगळे तिकडे पळाले. पण रिक क्लन, ज्याने बासमास्टर क्लासिक (बास धरण्याची मोठी स्पर्धा) चार वेळा जिंकलंय, तो क्रँकबेटला ग्लासच म्हणत राहिला. डेव्हिड फ्रिट्सने १९९३ चं क्लासिक क्रँकबेटवरच मारलं, तोही ग्लासवाला. ही काही अडाणी माणसं नव्हेत. ग्लासचा खरा तोटा म्हणजे वजन, दिवसभर फेकलंस तर खांद्याला समजतं. म्हणून हल्ली ग्लास आणि ग्राफाइट मिसळलेले कॉम्पोझिट मिळतात, तुझ्या बजेटमध्ये सहज बसतात, माझं मत तिकडे.

लांबी ७ फूट. आठ फुटाच्या नादी लागू नकोस. तो खोल जाणाऱ्या बेटसाठी, एक औंसाचा ६एक्सडी किंवा दोन औंसाचा १०एक्सडी वगैरे. ती बेट खोल जायला लांबवर फेकावी लागतात, कारण पडल्या पडल्या खाली जात नाहीत, ओढत ओढत उतरतात आणि तुझ्याजवळ यायला लागली की परत वर चढतात, म्हणजे पूर्ण खोलीवर मधला तुकडाच फिरतात, तो तुकडा वाढवायचा तर फेक लांब हवी. हे बोटवाल्यांचं काम. तू काठावर झाडाखाली उभा, आठ फुटी रॉड फांदीत अडकवून ये फक्त. स्क्वेअरबिल आणि डीटी-६ सारखी उथळ बेट टाकणार असशील तर ७ फूट, मीडियम, मॉडरेट, बेटचं वजन १/४ ते ५/८ औंस लिहिलेला. रील ६ च्या आसपास रेशोचा, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल (लाइन गुंडाळायचं रीळ) सहा वेळा फिरतो, आहे तोच असेल बहुतेक.

आणि दुकानात रॉड नुसता हवेत हलवून बघायचा नाही, त्याने काही कळत नाही. कोणालातरी टोक धरायला सांग आणि तू मूठ हळूहळू उचल. कमान कुठून सुरू होते ते दिसतं.

प्रेषक: डेंटनची ताई

काका, बाकी सगळं मान्य, पण बोटवाल्यांचं काम बोटवाल्यांचं काम करता करता तुम्ही पण बोटीतूनच सल्ला देताय.

फ्रिस्कोकर, शंभर डॉलर घालवायच्या आधी दहा डॉलरची मोनो (नायलॉनच्या एकाच धाग्याची) लाइन आण. तुझ्या रीलवर ब्रेड (वेणीसारखी विणलेली लाइन) असणार याची मला जवळजवळ खात्री आहे, कारण वर्मवाले सगळे ब्रेडच भरतात. ब्रेड ताणत नाही, ताठ रॉडला ब्रेड म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. १५ पौंडाचा ताण सोसणारी मोनो भर, ती ताणते, जे काम मऊ रॉड करतो त्यातलं थोडं ती करते. स्क्वेअरबिल लाकडातून खडखडत न्यायचं असतं त्यामुळे जाड लाइन चालते उलट, आणि मोनो पाण्यात फारशी बुडत नाही म्हणून उथळ बेटला बरीच. फ्लोरोकार्बन ही तिसऱ्या प्रकारची लाइन, ते बुडतं आणि १०-१२ पौंडाचं बारीक असतं, ते खोल जाणाऱ्या बेटला. ड्रॅग (रीलचा ब्रेक) थोडा सैल कर. आणि मासा लागल्यावर झटका द्यायचा नाही, नुसतं ओढत राहायचं आणि रॉड बाजूला न्यायचा. हे एवढं करून बघ, निम्मे मासे तरी टिकतील.

दुसरं, कॉम्पोझिट घेताना फार लेचापेचा घेऊ नकोस. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल लिपलेस (चोच नसलेलं क्रँकबेट) टाकणारच आहेस तू, टेक्सासमध्ये राहून ते कोणाला सुटलंय. ते हायड्रिला नावाच्या पाणगवतात अडकतं आणि तिथून हिसका मारून सोडवायचं असतं, सुटतानाच मासा मारतो त्याला. अगदी मऊ ग्लास रॉडने हिसका मारला तर रॉडच वाकतो, बेट गवतात बसून राहतं. म्हणून मी मीडियम हेवी, मॉडरेट फास्ट वापरते, साध्या ग्राफाइटचा, स्क्वेअरबिलला थोडा ताठ पडतो पण दोन्ही कामं होतात. एकच रॉड घेणार असलास तर हा. फक्त स्क्वेअरबिलच टाकणार असलास तर काकांचा.

आणि मूठ बघ रे. लांब मूठ दोन हातांनी फेकायला चांगली, पण काठावर जॅकेट घातलेलं असताना कोपरात अडकते. माझ्या उंचीला तर फारच.

प्रेषक: कॅरलटनहून

मधेच घुसतोय. डिसेंबरात नांदेडला जातोय, सासऱ्यांना गळ टाकायचा नाद आहे, गोदावरीवर मरळ धरतात. हा क्रँकबेटचा रॉड त्यांना नेला तर चालेल का?

प्रेषक: प्लेनोचे काका

नको. मरळ बसतो पाणवनस्पतींच्या खाली, त्याला वरून रबरी बेडूक फिरवतात आणि लागला की गवतासकट उपसून काढावा लागतो, तोंड पण टणक. तिथे हेवी आणि फास्टच पाहिजे, सोबत जाड ब्रेड. म्हणजे आपण फ्रिस्कोकरला जे सांगतोय त्याच्या बरोब्बर उलटं. आणि सासऱ्यांना न्यायचा तर दोन तुकड्यांत निघणारा बघ, सात फुटाचा अख्खा रॉड विमानात न्यायचा म्हणजे रॉडपेक्षा त्याची नळी महाग.

ताई, ब्रेडचं बरोबर बोललीस. लिपलेसला मी वेगळा रॉड ठेवतो म्हणून डोक्यात आलं नाही.

प्रेषक: ॲलनची वहिनी

पिकनिक कमिटीकडून एक. रे रॉबर्ट्स तलावाच्या पिकनिकला मासे धरायचा प्लॅन दिसतोय सगळ्यांचा, तर स्टेट पार्कच्या आत काठावरून धरायला लायसन्स लागत नाही, पण बोटीतून धरलं किंवा पार्कच्या बाहेर गेलात तर १७ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्यांना लागतं. आणि जे कोणी दुसऱ्या दिवशी लेक फोर्कला जाणार म्हणतायत त्यांनी वाचून जा, तिथे १६ ते २४ इंचातला बास परत सोडावाच लागतो. मागे कोणीतरी "रस्सा करू" म्हणाले होते. करा, पण कॅटफिशचा करा.

प्रेषक: फ्रिस्कोकर

ताई, ब्रेडच होती, ३० पौंडाची. आज मोनो भरली. काका, वहिनी, सगळ्यांना धन्यवाद. लेक फोर्क म्हणजे तेच ना जिथे १९९२ मध्ये १८ पौंडाचा बास लागला होता आणि अजून टेक्सासचा रेकॉर्ड आहे, तिथे मी कुठे जातोय इतक्यात, आधी ग्रेपवाइनचा दीड पौंडाचा टिकू दे. ताईच्या मापाचा एक आणि काकांच्या मापाचा एक असे दोन बघून ठेवलेत, शनिवारी दुकानात जाणार आहे. काका, टोक धरायला येताय का?

प्रेषक: प्लेनोचे काका

येतो. रील घेऊन ये बरोबर, रॉडवर बसवून तोल बघू, ग्लासवाल्याचं टोक जड लागतं. आणि दुकानात पोरगं मधे बोलायला लागलं तर तू बोलू नकोस, मी बघतो.