मदत हवी आहे: वर्गणी भरून वाचलेलं गावाला फुकट सांगू का?

दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) आमच्या गावात मी छोटं वाचनालय चालवते. मागच्या आठवड्यात शेजारचे काका वावरातून पऱ्हाटीची (कपाशीची) डोमकळी, म्हणजे बोंडअळी लागलेलं फूल, घेऊन आले. फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं, आत बारीक अळी. मी मोबाईलवर एका वर्तमानपत्राचा लेख उघडून मोठ्यानं वाचायला लागले. दोन परिच्छेद झाले आणि समोर आलं, 'पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा'. काका म्हणाले, "पुढचं कुठी गेलं वं?"

वर्गणी मी भरली. पुढे कामाचंच होतं: एकरी २ कामगंध सापळे (अळीच्या नर पतंगांना वासानं ओढून पकडणारे) लावा, एका सापळ्यात सलग ३ रात्री रोज ८ पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली. एवढ्या दोन ओळींवर काकांचं पीक अवलंबून, आणि त्याच कुलपाआड!

आता गावातली पोरं व्हॉट्सॲप ग्रुपसाठी स्क्रीनशॉट मागताहेत, पण माझा हात धजत नाही. माझा चुलतभाऊ तालुक्याचा वार्ताहर आहे. घरचं पेट्रोल जाळून गावोगाव फिरतो, तेव्हा बातमी होते. वाचणाऱ्यानं काहीच दिलं नाही तर त्याला कोण देणार? अग्रलेख, मुलाखतींचे पैसे जरूर घ्या. पण रोगराई, पूर, पिकावरची कीड, हे तरी सगळ्यांना मोकळं असावं, असं मला मनापासून वाटतं.

लेखातलं माझ्या शब्दांत फळ्यावर लिहिलं तर चालेल का? आणि मराठीत बिनधास्त छापून लावता येईल असं काय आहे?

प्रतिसाद: ताई, १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याचं संरक्षण लेखाच्या मांडणीला आहे, त्यातल्या माहितीला नाही. सापळ्यांचे आकडे खुशाल लिहा, खाली वर्तमानपत्राचं नाव टाका. स्क्रीनशॉट मात्र नको. मराठी विकिपीडियावरचा मजकूर श्रेय आणि परवाना नमूद करून छापता येतो. मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो, पण तेवढ्यानं छापायची मुभा मिळत नाही. काकांना किसान कॉल सेंटरचा नंबर द्या, १८००-१८०-१५५१. फोन फुकट, मराठीत बोलतात.

धागाकर्ती: खूप आभार, दादा. फळ्यावर आजच लिहिलं, काका दोनदा वाचून गेले. अजून एक विचारते: वाचनालयाच्या नावानं एकच वर्गणी भरून संध्याकाळी दहा-पंधरा जणांना वाचून दाखवलं तर? कोणी असं केलंय का?