पोस्टर मिळालंय, टॉक नाही. एवढ्या लांब जावं का?

टिटवीवाली, सोलापूर:
पीएचडीचं तिसरं वर्ष. विषय टिटवी. उन्हात अंडी तापू नयेत म्हणून ती पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते, त्यावर काम चाललंय. अ‍ॅनिमल बिहेवियर सोसायटी, म्हणजे प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांची संस्था, तिच्या वार्षिक परिषदेला टॉकसाठी अर्ज केला होता, पोस्टर मिळालं: काम छापून बोर्डावर लावायचं आणि येणाऱ्यांना समजावायचं. गाइड म्हणतात जा. घरचे म्हणतात, एका कागदाशेजारी उभं राहायला अमेरिकेला? निम्मं तिकीट माझ्या खिशातून आहे. जाऊन आलेल्यांनी सांगा.

सुगरण:
जा. मी दोन्ही करून बसलेय. टॉकला बारा मिनिटं बोलायचं, तीन मिनिटं प्रश्न. एकाच वेळी चार-पाच खोल्यांत टॉक चालू. माझ्या वेळी शेजारच्या खोलीत ऑक्टोपस होता, सगळी गर्दी तिकडे. माझ्याकडे अकरा जण, त्यातले दोन आमच्याच लॅबचे.

पोस्टरपाशी मात्र माणूस थांबतो. माझा विषय सुगरण. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन बघते, पसंत पडला तरच पुढचा विणतो. एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, “मादी का बघते?” मी म्हटलं, पिल्लं सुरक्षित राहावीत म्हणून. त्या म्हणाल्या, “हे एक झालं. बाकीची तीन?” प्राण्यांचं कुठलंही वागणं समजून घ्यायला शास्त्रज्ञ टिनबर्गनने १९६३ला मांडलेले चार प्रश्न (ते कशाने सुरू होतं, आयुष्यात कसं येतं, फायदा काय, उत्क्रांतीत कुठून आलं) एम.एस्सी.ला पाठ केले होते, पण अर्धा तास घाम फुटला तेव्हा कळले. पुढचं अख्खं प्रकरण त्या अर्ध्या तासातून निघालं.

तुम्हालाही हेच चार विचारतील. पोट भिजवायला टिटवीला नेमकं काय उठवतं, ऊन की अंड्याचा चटका? पहिल्यांदाच अंडी घातलेली मादीही करते का? अंडी खरंच किती वाचतात? तिच्या भाऊबंदांत आणखी कोण करतं? उत्तर नसेल तर “अजून बघितलं नाही” म्हणा, कुणी खात नाही.

आणि पोस्टर कापडावर छापा. माझी कागदाची नळी विमानात वरच्या कप्प्यात राहिली ती राहिलीच. कापड घडी करून कपड्यांत जातं. बोर्ड आडवा आहे की उभा, ते आधी मेल करून विचारा.

माळकरी:
पैशांचीच अडचण असेल तर याच विषयाची दर दोन वर्षांनी होणारी आंतरराष्ट्रीय परिषदही बघत जा. २०२३ला जर्मनीत बीलेफेल्डला होती, २०२५च्या ऑगस्टमध्ये थेट कोलकात्याला. व्हिसा नको, काही नको, आम्ही रेल्वेने गेलो. पण ती हुकली म्हणून हातातलं सोडू नका. चांगल्या पोस्टरला या सोसायटीत बक्षीसही असतं.

टिटवीवाली, सोलापूर:
सुगरणताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजिबात नाही. पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घातलेलीच नाहीत, पहिलटकरीण ओळखणार कशी! आज गाइडकडे जाते. आईला पोस्टर दाखवलं तर म्हणाली, “टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडेल म्हणून, ते लिहिलंस का?”

तिकीट काढतेय. कापडाचं म्हणाल तर सोलापुरात राहून ते शोधत हिंडले तर लोक हसतील.