हॉररपट घरी लावला की नुसता काळोख! मदत हवी आहे

रातकिडा: शनिवारी घरी सात-आठ जणांना 'तुंबाड' दाखवायचाय. लावून बघितला तर अंधारातल्या प्रसंगांत चेहरेसुद्धा दिसत नाहीत. २०२४ साली पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा थिएटरात आजीच्या खोलीतलं सगळं नीट कळत होतं. इथे दिव्याची ज्योत तेवढी दिसते, बाकी डांबर. ब्राइटनेस ५० वरून ८० वर नेला तर सगळं राखाडी झालं. टीव्ही फोर-के एचडीआर आहे. कुठलं सेटिंग बदलायचं तेवढं सांगा, लवकर.

पडदानशीन: सिनेमा कशावरून लावला? टीव्हीतलं अ‍ॅप, पेनड्राइव्ह, की बाहेरचं काही जोडलंय? पिक्चर मोड कुठला? खोलीत ट्यूब चालू होती का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

कोकणचो_भूत: मोड 'व्हिव्हिड' असणार, दुसरं काही नाही. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोडवर जा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि ब्लॅक एन्हान्सर बंद करा, हे दोन्ही सावल्या दाबून काळ्या करतात. इको मोड आणि लाइट सेन्सरही बंद, नाहीतर खोलीत अंधार केला की टीव्ही स्वतःहून मंद होतो. मोशन स्मूदिंगही (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) काढून टाका, त्याने हॉररची टीव्ही मालिका होते.

रातकिडा: मोड सिनेमाच आहे. ट्यूब चालू होती.

निट_मोजणारा: स्वस्त टीव्हीवर 'एचडीआर' (जास्त उजेड-अंधार दाखवणारं चित्र) हा शब्द खोक्यावरच असतो. एचडीआरचं मास्टरिंग, म्हणजे अंतिम चित्राची तयारी, बहुधा १००० निट (पडद्याच्या उजेडाचं माप) किंवा त्याहून वर होतं, आणि या टीव्हींचा उजेड २५०-३०० निटला संपतो. वरचा उजेड बसवायला टीव्ही सगळं चित्र खाली दाबतो. मिनी एलईडी किंवा ओलेड घ्या, प्रश्न मिटला.

पडदानशीन: शनिवारसाठी नवा टीव्ही घ्यायला सांगताय? थिएटरातल्या पडद्याचं प्रमाण १४ फूट-लँबर्ट, म्हणजे जेमतेम ४८ निट. तरी तिथे सगळं दिसतं, कारण हॉलमध्ये दुसरा उजेड नसतो. ट्यूबचा उजेड काचेवरून परततो आणि सावल्यांवर पसरतो. आधी ट्यूब बंद. टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा ठेवा, डोळे शिणणार नाहीत.

निट_मोजणारा: ४८ निट एसडीआरला, म्हणजे साध्या चित्राला. तुम्ही एचडीआरची तुलना त्याच्याशी करताय, ती लागू होत नाही.

पडदानशीन: पण यांचा सिनेमा एचडीआरमध्ये चालू आहे हे कुणी सांगितलं? रातकिडा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

संवादप्रेमी: आवाजाकडेही बघा. हॉररमध्ये कुजबुज ऐकू येत नाही आणि किंकाळीला शेजारी उठतात. ऑडिओ ५.१ वर (सहा चॅनेल) असेल आणि स्पीकर दोनच असतील तर संवादाचा मधला चॅनेल दबतो. आउटपुट स्टिरिओ किंवा पीसीएम (साधा, न दाबलेला आवाज) करा, मोठा-बारीक आवाज जवळ आणणारा नाइट मोड लावा.

रातकिडा: आवाज ठीक आहे हो. लॅपटॉप एचडीएमआयने जोडलाय, ब्राउझरमधून लावतो.

पडदानशीन: हेच तर विचारत होतो! मग एचडीआरचा वाद बाजूला ठेवा, ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा एसडीआरच मिळतं. हा रेंजचा घोळ दिसतोय. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, ती लिमिटेड रेंज. लॅपटॉप बहुधा ० ते २५५, म्हणजे फुल पाठवतो. टीव्ही लिमिटेड समजून बसला तर १६ च्या खालचं सगळं काळं. तिथला तपशील छाटला गेला की ब्राइटनेस वाढवून परत येत नाही, काळ्याचा राखाडी होतो. तुमचं नेमकं तेच झालंय. (उलट घोळ असता, लॅपटॉप लिमिटेड आणि टीव्ही फुल, तर सुरुवातीपासूनच धुरकट दिसलं असतं.)
ब्राइटनेस परत ५० वर आणा. टीव्हीत त्या एचडीएमआयच्या सेटिंगमध्ये ब्लॅक लेव्हल किंवा व्हिडिओ रेंज शोधा. कुठे लो आणि हाय असतं, कुठे लो आणि नॉर्मल, कुठे लिमिटेड आणि फुल. ऑटोवर विसंबू नका; हाय, नॉर्मल किंवा फुल करा. पर्याय निवडताच येत नसेल तर लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये आउटपुट आरजीबी (लाल-हिरवा-निळा हा रंगांचा फॉरमॅट) करा. काही टीव्ही इतर फॉरमॅटला तो पर्याय बंद ठेवतात.

कोकणचो_भूत: आणि ब्राइटनेस अंदाजाने फिरवू नका. ब्लॅक लेव्हल तपासायच्या पट्ट्यांचं चित्र लावा. १६ ची पट्टी दिसता कामा नये, १७-१८ ची जेमतेम दिसावी. काही कंपन्यांच्या टीव्हीत 'ब्राइटनेस' म्हणजे बॅकलाइट असतो आणि ब्लॅक लेव्हल वेगळा असतो, ते आधी बघून घ्या.

वाचनवेडी: विषय निघालाच आहे तर, आजीचा भाग बघण्याआधी पाहुण्यांना नारायण धारपांची 'आजी' ही कथा वाचायला द्या, सिनेमातला तो भाग तिच्यावरून. तीही मुळात स्टीफन किंगच्या कथेवरून. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' कादंबरीतून सिनेमाला फक्त नाव आलंय, गोष्टीचा संबंध नाही. आणि तो काळोख मुद्दाम ठेवलेला आहे. सगळं लख्ख केलंत तर भीती कुठे राहील?

पडदानशीन: मुद्दाम ठेवलेल्या काळोखातही थर असतात. ते थर दिसले तरच भीती वाटते. सपाट काळ्या चौकोनाची कुणाला वाटणार?

रातकिडा: आरजीबी केल्यावर पर्याय उघडला. 'लो' होतं, 'नॉर्मल' केलं. भिंतीचा ओलावा दिसायला लागला, आजीही दिसतेय! पण ज्योतीभोवती उजेडाची गोल वलयं पडतायत आणि बाजूच्या सोफ्यावरून अजून काळंच दिसतं.

पडदानशीन: वलयं म्हणजे बँडिंग, उजेडाच्या पायऱ्या वेगळ्या दिसणं. ८ बिट चित्र (छटा मोजक्या) आणि कमी बिटरेट (सेकंदाला कमी डेटा), सेटिंगने पूर्ण जात नाही. टीव्हीत 'स्मूथ ग्रेडेशन' असेल तर 'लो'वर ठेवा, 'हाय'ने चेहरे मेणासारखे होतात. ब्राउझरऐवजी टीव्हीतल्या अ‍ॅपवरूनही लावून बघा, तिथे बहुधा चित्र चांगलं मिळतं. सोफ्याचं कारण पॅनेल. व्हीए (एलसीडी पॅनेलचा एक प्रकार) दिसतंय, त्यात समोरून काळा उत्तम, बाजूने सावल्या बिघडतात. पाहुण्यांना समोर दोन रांगांत बसवा, लहान मुलं पुढे सतरंजीवर.

निट_मोजणारा: सतरंजीवर मुलं नकोत, सिनेमा 'अ' प्रमाणपत्राचा आहे.