मदत हवी आहे: काजू बी खरेदीसाठी खेळतं भांडवल, जमीन तारण न ठेवता

नमस्कार मंडळी,

सावंतवाडी तालुक्यात माझं छोटं काजू प्रक्रिया युनिट आहे. दोन वर्षांपूर्वी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, म्हणजे पीएमईजीपीतून उभं केलं. प्रकल्प १५ लाखांचा. ग्रामीण भागातली महिला म्हणून स्वतःचे ५ टक्के भरले, ३५ टक्के अनुदान मिळालं. ते तीन वर्षांसाठी बँकेतच ठेव म्हणून अडकलेलं आहे. बॉयलर, कटर, ड्रायर व्यवस्थित चालतात, हप्ता एकही चुकलेला नाही. अडतंय ते बी घ्यायच्या पैशापाशी.

आमच्याकडे बी येते मार्च ते मे. पाऊस लागायच्या आत वर्षभराची घेऊन, उन्हात वाळवून पोती भरून ठेवावी लागतात. शेतकरी पोतं काट्यावर ठेवतो आणि रोख मागतो. त्याचं बरोबरच आहे. मला १२ टन बी लागते. गेल्या मोसमात सरासरी १३५ रुपये किलोने पडली, म्हणजे १६ लाखांच्या वर रक्कम लागणार. आणि माझी कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँक खात्यातून जास्तीत जास्त उचलू देते ती रक्कम, ४ लाख! एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे संपले. त्यानंतर दारात आलेली पोती मी परत पाठवली आणि तीच समोर व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढताना बघितली. गणपतीच्या आधीच गोदाम रिकामं. वाडीतल्या सात बायका कामाला येतात. ऐन चतुर्थीच्या तोंडावर त्यांना आता नवीन बी आल्यावरच या असं सांगावं लागलं. ते पुन्हा माझ्याच्याने होणार नाही.

शाखेत सांगतात, उलाढालीच्या २० टक्केच बसतं. २४ लाखांवर ४ लाख ८० हजार. हा नायक समितीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीचा हिशेब, आणि त्यात पैसा तीन महिन्यांत फिरतो असं धरलेलं आहे. माझा वर्षातून एकदाच फिरतो. त्याहून जास्त हवं तर जमीन तारण द्या म्हणतात. सातबारा सामाईक, दीर मुंबईला, सह्या कोण कधी देणार? सीजीटीएमएसईच्या, म्हणजे लहान उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या हमीत खेळतं भांडवलही बसतं असं मी म्हटलं, तर बघू म्हणाले. बघेबघेपर्यंत जून उजाडतो.

घरच्या झाडांची बी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत ठेवून तिच्यावर ६ टक्के व्याजाने कर्ज घेता येतं, पण ती सोय शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालाला. विकत घेतलेल्या बीला नाही.

काजू, कोकम, बेदाणा, हळद असा एकाच मोसमात माल भरून ठेवणारं इथे कोणी आहे का? मार्च ते मे वाढीव आणि माल विकेल तशी उतरणारी मर्यादा तुम्हाला मिळाली का? थोडं तारण आणि उरलेल्याला सीजीटीएमएसईची हमी, असं कोणाचं झालंय का? मला फक्त शेड देता येईल.

आणखी एक धास्ती आहे. पीएमईजीपीच्या अटींत कॅश क्रेडिटचा निदान ७५ टक्के वापर दिसावा लागतो. मर्यादा वाढवून घेतली आणि दिवाळीनंतर माल विकून खात्यातली उचल कमी झाली, तर अनुदानाला कात्री लागते का? ज्यांची तीन वर्षं पूर्ण झाली आहेत त्यांनी कृपया सांगा.

कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची फाइल पंधरा दिवसांत द्यायची आहे. महिन्यावार खरेदी-विक्रीचा तक्ता बँकेला कसा मांडून दिला, याचा नमुना कोणाकडे असेल तर टाका. आकडे खोडा हवं तर, रकाने दिसले तरी माझं काम होईल.