मदत हवी आहे: शुक्रजंतू कमी निघाले, गोळ्यांचा डबा हातात दिलाय. जीवनसत्त्वांनी खरंच फरक पडतो का?

केळीवाला_३३

नमस्कार मंडळी. आयडी नवीन काढलाय, जुन्या आयडीवर अर्धा तालुका ओळखतो.

यावल तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे, घरची थोडी केळी. लग्नाला चार वर्षं होत आली. मूल राहत नाही म्हणून आतापर्यंत सगळी धावपळ बायकोचीच झाली. सोनोग्राफी, थायरॉईड, नळ्यांची तपासणी, सगळं नॉर्मल. तरी लग्नकार्यात बायका तिलाच गाठून विचारतात, "काय व माय, काही नवीजुनी शे का?" माझी तपासणी अगदी शेवटी झाली, तीही तिने हट्ट धरला म्हणून.

रिपोर्ट असा: व्हॉल्यूम 2 मिली, काउंट मिलीला 1 कोटी 10 लाख, पुढे सरकणारे 22 टक्के, नॉर्मल आकाराचे 3 टक्के. रक्तात व्हिटॅमिन डी 13 आणि बी-12 170, दोन्हीपुढे 'कमी' असा बाण.

डॉक्टरांनी कागद पाहिला, मला तपासलं नाही, आणि तीन महिन्यांच्या गोळ्या लिहिल्या. पाकिटावर झिंक, सेलेनियम, फॉलिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी, ई, कोएन्झाइम क्यू-10, एल-कार्निटिन, लायकोपिन अशी वरातच आहे. खाली बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही'. मग मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून ते औषध म्हणून दिलं कसं?

मी स्वतः झिंक सल्फेट पोत्याने विकतो. पानं पिवळी पडली म्हणून शेतकरी आला, की त्याला आधी माती तपासून आण म्हणतो. इथे माझी माती न बघताच खत टाकलंय असं वाटतंय.

शालक अश्वगंधा चूर्ण पाठवतोय, जिमवाला मित्र कसलंसं हार्मोनचं इंजेक्शन सुचवतोय, आई म्हणते उडदाचे लाडू खा. यातलं काय घ्यावं, काय सोडावं? गोळ्यांचा खर्च झेपेल, पण उपयोग असेल तर.

सूक्ष्मदर्शक

भाऊ, लॅबमध्ये काम करतो म्हणून आधी एकच विचारतो. नमुना कुठे घेतला आणि लॅबपर्यंत कसा नेला?

केळीवाला_३३

घरी घेतला. बाटली रुमालात गुंडाळून एसटीने जळगावला नेली. मे महिना होता. बाटली देताना कोणी काही सांगितलं नव्हतं.

सूक्ष्मदर्शक

मग त्या 22 टक्क्यांवर माझा भरवसा नाही. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. घरी घेतलाच तर तासाभराच्या आत पोचला पाहिजे, अंगाच्या उबेला राहिला पाहिजे. मे महिन्यातल्या एसटीत जंतू अर्धमेले होणारच. बर्फात ठेवून आणणारेही भेटतात, तेही तितकंच वाईट. आधी 2 ते 7 दिवस संबंध नको. दोन दिवसांहून कमी नको, सातहून जास्तही नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा अशा आहेत: मिलीला 1 कोटी 60 लाख, पुढे सरकणारे 30 टक्के, नॉर्मल आकार 4 टक्के. हे आकडे ज्यांच्या बायकोला वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून काढलेत, आणि त्यांच्यातलेही शंभरात पाच या रेषेखालीच होते. म्हणजे खाली आला म्हणजे दार बंद, असं नाही. पण एका रिपोर्टवर काही ठरवायचं नसतं, पुन्हा करा. मागच्या तीन महिन्यांत टायफॉईड, डेंग्यू असा जोराचा ताप आला होता का, तेही डॉक्टरांना सांगा. तापाने काउंट खाली येतो आणि नंतर सावरतो.

जवसाची_चटणी

दादा, मी फार्मसी शिकले आहे, डॉक्टर नाही. तुमच्या मातीच्या मुद्द्यावर लिहिते, कारण तो अगदी बरोबर आहे.

झिंक, सेलेनियम शुक्रजंतू तयार व्हायला लागतात, हे खरं. सी आणि ई त्यांचं ऑक्सिडेशनपासून रक्षण करतात, हेही खरं. पण शरीरात आधीच पुरेसं असलं की वरून ओतल्याने काउंट चढतोच असं नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. 2370 जोडपी होती, पुरुषांना सहा महिने रोज 30 मिग्रॅ झिंक आणि 5 मिग्रॅ फॉलिक अ‍ॅसिड किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली खोटी गोळी. काउंट, हालचाल, जन्मलेली मुलं, कशातच फरक नाही. उलट मळमळ, पोटदुखी गोळीवाल्यांना जास्त. आपल्याकडे आहार वेगळा, कमतरता जास्त, म्हणून तो निकाल जसाच्या तसा इथे लावणार नाही. पण 'घेतलं तर बिघडतं काय' हे म्हणणंही तितकं सोपं राहिलं नाही.

तुमच्या कागदावर दोन कमतरता पुराव्यासकट आहेत, डी आणि बी-12. त्या भरून काढा, काउंटचं पुढे काहीही होवो. डीचं 60,000 युनिटचं सॅशे बहुतेक आठवड्यातून एकदा असतं. रोज घेऊन कॅल्शियम वाढवून बसलेले पेशंट असतात, म्हणून चिठ्ठी नीट वाचा. बी-12 भाजीपाल्यात नसतंच. दूध, दही, अंडी, आणि पातळी एवढी खाली असेल तर गोळी किंवा इंजेक्शन.

डबा घ्यायचाच असेल तर एकच घ्या. त्यात झिंक, मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक, वर कुठल्या पावडरीत झिंक, अशी बेरीज होते. रोज 40 मिग्रॅच्या वर बराच काळ गेलं की शरीरातलं तांबं घटतं. सेलेनियमची वरची हद्द 400 मायक्रोग्रॅम. त्यापुढे केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

खाण्यात तुमच्याकडे काही कमी नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारी-उडीद आहेच. सोबत तिळाची, जवसाची चटणी, मोड आलेले मूग, पेरू नाहीतर आवळा. धान्य-डाळीतलं झिंक त्यांच्यातल्याच फायटेट नावाच्या घटकामुळे पुरतं अंगी लागत नाही, भिजवून मोड आणले की जास्त लागतं. आईचे लाडू खा, पण त्यांच्यावर आशा लावून बसू नका. अश्वगंधा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. तिने काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

भुसावळचा_तात्या

ते इंजेक्शन टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं असेल तर मित्राला लांबूनच हात जोडा! बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून अंडकोषाला जाणारा हुकूम बंद होतो. दंड फुगतात आणि काउंट शून्यावरही जातो. नाव औषधाचं, काम नसबंदीचं.

दुसरं, डॉक्टरांनी हात लावून तपासलं नाही हे मला खटकलं. व्हेरिकोसील म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, बहुधा डाव्या बाजूला. मूल न होणाऱ्या पुरुषांत साधारण 35 ते 40 टक्क्यांना सापडतं. उभं राहून तपासलं की हाताला लागतं, आणि गरज असेल तर ऑपरेशन होतं. तिथे झिंक काय करणार? तंबाखू, गुटखा चालू असेल तर तो मात्र आजच सोडा.

केळीवाला_३३

तंबाखू नाही. ताप आला होता, होळीच्या सुमारास, ते डोक्यातच आलं नव्हतं. एक राहिलं: दुकानात कीटकनाशकाच्या बाटल्या फुटतात, पुडे उघडून सुटं द्यावं लागतं, दिवसभर तो वास. त्याचा संबंध असेल का?

जवसाची_चटणी

असू शकतो. काही कीटकनाशकांचा शुक्रजंतूंवर परिणाम होतो हे माहीत आहे, आणि तुमचा संपर्क रोजचा आहे. सुटं विकणं बंद करा, ते तसंही नियमात बसत नाही. फुटलेलं आवरताना रबरी हातमोजे घाला, कपडे वेगळे धुवा, गल्ल्यावर बसून जेवू नका. जंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे काहीही बदललं तरी तीन महिन्यांआधी रिपोर्टमध्ये दिसणार नाही. मेचा नमुना प्रवासातच बिघडला असेल तर पुढचा रिपोर्ट गोळ्यांशिवायही चांगला येईल आणि श्रेय डब्याला जाईल, म्हणून नवा नमुना डबा फोडण्याआधी द्या.

केळीवाला_३३

ताई, तात्या, सूक्ष्मदर्शक, मनापासून आभार. डी आणि बी-12 सुरू करतो, डबा बंदच ठेवतो, नमुना लॅबमध्येच देतो. जळगाव किंवा धुळ्यात पुरुषांची तपासणी नीट करणारे युरोलॉजिस्ट कोणाला माहीत असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा, नावं इथे नकोत.

भुसावळचा_तात्या

व्यनि केलाय. सोमवार सोडून जा, त्या दिवशी तिथे गर्दी असते. सूनबाईंनाही सोबत न्या आणि तिचे जुने रिपोर्ट पिशवीत असू द्या, नाहीतर तिच्या तपासण्या परत पहिल्यापासून लिहून देतील.